साळूबाईचे काटे आणि पोटनियम समिती

एका जंगलात, आपल्या नव्हे हं मुलांनो, दुसऱ्याच कुठल्या तरी जंगलात, साळूबाई नावाची सायाळ राहत होती. सायाळ म्हणजे ती, अंगभर लांब काटे असलेली. साळूबाईला एक पिल्लू होतं आणि दोघांचं बरं चाललं होतं.

त्या जंगलात सभेचं राज्य होतं. सभा वडाखाली भरे. सगळे एकदम बोलत आणि कुणी ऐकत नसे, त्यामुळे कुणाचं मन दुखावत नसे.

एका उन्हाळ्यात ओढे आटले. एकच तळं उरलं. तिथे रेटारेटी होऊ लागली. मग सभेने कायदा केला, 'तळ्यावर सर्वांनी शिस्तीने वागावे.' 'सर्वांनी' म्हणायचं की 'सर्व प्राण्यांनी', यावर कडाक्याचं भांडण झालं. हत्ती रागावून निघून गेला आणि कुणी बोलवायला येईना म्हणून परत आला.

कायद्याच्या शेवटी एक बारीकशी ओळ होती. 'शिस्त म्हणजे काय, हे पाणीमंत्री नियम करून ठरवतील.' ती वाचली गेली तेव्हा सगळे जेवायला उठले होते. अशा ओळी जेवणाच्या वेळीच वाचतात, मुलांनो. मोठेपणी लक्षात ठेवा.

पाणीमंत्री होते तरसोजी. मोठा अनुभवी तरस. मागे एकदा तळ्यावर मधे घुसताना त्यांनी साळूबाईला ढकललं होतं आणि तिचे काटे त्यांच्या नाकात शिरले होते. नाक सुजलेलं असताना सभेत भाषण करावं लागलं, सगळे हसले. तरसोजी ते विसरले नव्हते. त्यांनी ताबडतोब नियम केला, 'काटे असलेल्या प्राण्यांनी तळ्यावर येताना काटे उतरवून यावे.'

आता तिथली एक रीत सांगतो. मंत्र्याने नियम केला की तो लगेच लागू होई. मग तो सभेतल्या एका सपाट दगडावर ठेवत. ज्याला हरकत असेल त्याने तो वाचून हरकत घ्यावी, अशी व्यवस्था. व्यवस्था छान होती. फक्त त्या दगडावर सभासद डबे ठेवत, त्यामुळे नियम डब्यांखाली जात.

साळूबाई पिल्लाला घेऊन तळ्यावर गेली. तळ्याला आता कुंपण घातलं होतं आणि दारात तरसोजींचा भाचा उभा.

"काटे उतरवा, मावशी."

"अरे बाबा, काटे म्हणजे काय पागोटं आहे? पाठीतून उगवलेत ते."

"नियम आहे."

"मग निदान या लेकराला तरी पाणी पिऊ दे. त्याचे काटे अजून मऊ आहेत."

"आईशिवाय पिल्लांना सोडत नाही. तोही नियम आहे."

पिल्लाची जीभ कोरडी पडली होती. साळूबाई धावत पोटनियम समितीकडे गेली. मंत्री करतात ते नियम तपासण्यासाठी सभेने ही समिती नेमली होती. अध्यक्ष होते कासवनाना. नियम वाचून दाखवायचं काम घुबडरावांकडे होतं आणि बैठक भर दुपारी असे.

"नाना, हा नियम वाईट आहे हो," साळूबाई म्हणाली.

"बाई, नियम चांगला की वाईट, हे आम्ही बघत नाही."

"मग काय बघता?"

"मंत्र्यांना तो करायचा अधिकार होता का. वेळेत दगडावर ठेवला का. भाषा स्पष्ट आहे का."

"आणि चांगला की वाईट हे कोण बघतं?"

"ते सभेनं बघायचं."

"सभेनं तर मंत्र्यांवर सोडलं!"

"म्हणजे बघून झालं," नाना समाधानाने म्हणाले.

समिती आळशी होती असं समजू नका. तिने नियमाच्या अक्षरन् अक्षराचा कीस काढला. घुबडरावांनी चाचपडत वाचलं, पुन्हा वाचलं आणि ओरडले, "सापडलं! उतरवलेले काटे ठेवायचे कुठे, हे नियमात लिहिलेलंच नाही!"

सगळी समिती हादरली. एवढी गंभीर उणीव! लगेच अहवाल गेला. तरसोजी हात जोडून आले, चूक कबूल केली आणि तळ्याकाठी एक सुरेख काटेघर बांधून दिलं. समितीने त्यांचं अभिनंदन केलं. साळूबाईचेही आभार मानले.

तोवर पिल्लू डोळे उघडेनासं झालं होतं.

साळूबाई काटेघरापाशी बसली आणि तिने आपले काटे उपटायला सुरुवात केली. एकेक काटा, दातात धरून. इथे हसायचं नाही, मुलांनो. फार दुखतं ते. शेवटचा काटा भाच्याच्या हवाली करून ती आत गेली. पिल्लू पोटभर पाणी प्यायलं.

इकडे कासवनानांना चैन पडेना. ते सज्जन होते, फक्त सावकाश सज्जन होते. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की सभेने शिस्त लावायचा अधिकार दिला होता, अंग सोलायचा नव्हे. नियम कायद्याबाहेर गेला होता! नानांनी धीर करून तसा अहवाल दिला. सभेने डबे बाजूला सारून तो वाचला आणि नियम रद्द झाला.

साळूबाई आनंदाने काटेघराकडे धावली.

"माझे काटे द्या रे!"

"मिळणार नाहीत, मावशी. नानांना विचारा."

नानांनी कायदा उघडला. "नियम रद्द झाला, तरी तो लागू असताना जे घडलं ते कायदेशीरच धरायचं, असं इथे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे काटे अगदी कायदेशीर उपटले गेलेत. त्याबद्दल निर्धास्त असा. आणि आता ते सरकारजमा आहेत."

दुसऱ्या दिवशी तरसोजींनी रद्द नियमाच्या जागी नवा नियम केला, 'तळ्यावर कोणीही उघड्या अंगाने येऊ नये.' केसवाल्यांना, पिसंवाल्यांना, खवलेवाल्यांना काहीच अडचण नव्हती.

समितीने नियम तपासला. सभ्यपणा हा शिस्तीचाच भाग, तेव्हा अधिकार होता. दगडावरही वेळेत ठेवला होता. भाषा तर इतकी स्पष्ट की घुबडरावांना दुपारी एका दमात वाचता आली. नानांनी खाली शेरा मारला, 'आदर्श नियम. इतर मंत्र्यांनी अनुकरण करावे.'

साळूबाई पिल्लाला कुशीत घेऊन कुंपणाबाहेर उभी होती. तिचं अंग उन्हाने भाजत होतं. तेवढ्यात तरसोजी तळ्यावरून परतले, मिशांवरून पाणी गळत होतं. ते थांबले आणि त्यांनी साळूबाईच्या पाठीवर प्रेमाने पंजा ठेवला. तिच्या पाठीवर पंजा ठेवायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती.

"बाई, तुमच्या तक्रारींमुळे आमचे नियम किती सुधारले," तरसोजी म्हणाले. "अशाच येत जा."

तात्पर्य : मुलांनो, कुठलाही नियम तपासून घेतल्याशिवाय राहू नये. न तपासलेला नियम चुकीचा असू शकतो. तपासलेला नियम चुकीचा असला, तरी बिनचूक असतो.