वीसपैकी पाच

शुक्रवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर ठेवून देवव्रत गद्र्यांनी लेकीच्या कॅल्क्युलसच्या होमवर्कचा कागद उघडला आणि मिरची दाताखाली आल्यासारखा चेहरा केला. कागदाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, वीसपैकी पाच.

"पाच! पूर्णिमा, बाहेर ये आधी. पाच दिलेत त्या बाईनं!"

"गेल्या आठवड्यात किती होते?" पूर्णिमानं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"सहा."

"मग एकच उतरला की. लिंबू हवंय का?"

देवव्रतांना लिंबू नको होतं, न्याय हवा होता. ते इतके का पेटले, याचं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण सांगायलाच हवं. तो होमवर्क गार्गीचा असला तरी उत्तरं गार्गीची नव्हती. गार्गी दर गुरुवारी इमानेइतबारे गणितं सोडवून ठेवायची आणि शुक्रवारी देवव्रत त्यांवर 'नुसती नजर टाकायचे'. त्यांचं नजर टाकणं म्हणजे खोडरबर घेऊन बसणं. सगळीच गणितं खोडून, स्वतःच्या पद्धतीनं तीन ओळींत उरकून, "आता कसं सुटसुटीत झालं बघ," म्हणून ते कागद परत द्यायचे. दोह्याबाहेर रास लफानला गॅसच्या प्लांटवर ते सीनियर प्रोसेस इंजिनियर होते. कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झाली असली, तरी आपण पुण्यात ठेवून आलेलं कॅल्क्युलस तिथं तसंच ताजं असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गार्गीही गुणाची पोर. "बाबा, आर यू शुअर?" एवढंच विचारायची आणि बाबा शुअर असले की गप्प बसायची. बाबा कायमच शुअर असायचे.

"बाबा, इट्स फाइन," आत्ताही ती म्हणाली.

"काय फाइन? होमवर्कला पाचवा हिस्सा मार्क आहेत तुमच्या. कॅल्क्युलसमध्ये बी ग्रेड नाही आला, तर इंजिनियरिंगला घेणार नाहीत तुला. मग काय करणार? हॉटेल मॅनेजमेंट?"

"माय मिडटर्म वेन्ट वेल, बाबा. यू डोन्ट वरी."

"मिडटर्म चांगली गेली म्हणणारी पोरं आमच्या वर्गातही होती. पुढच्या वर्षी आम्ही पुढे गेलो, ती तिथंच होती."

गार्गीनं आईकडे पाहिलं. आईनं पोह्यांकडे पाहिलं. विषय तिथं मिटला असता, पण रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, कंपनीच्या बसमध्ये देवव्रतांच्या शेजारी मजीद पारकर येऊन बसला. मजीद दाभोळचा, प्लांटवर सेफ्टी बघायचा, आणि दोह्यात कोण कुठल्या गावचं, हे त्याला तोंडपाठ असायचं.

"प्रोफेसर कोण म्हणालास? नूरैन मुकादम?" मजीद सीटवरच उडाला. "अरे, ती तर आमच्या दाभोळची! तिचे अब्बा आणि माझे चाचा एका बाकावर बसायचे शाळेत. तू कशाला टेन्शन घेतोस? जाऊन भेट बिनधास्त. आपलं माणूस आहे. मी फोन करून ठेवतो. इन्शाल्ला, काम होऊन जाईल."

आपलं माणूस! या दोन शब्दांनी भले भले घसरले आहेत, देवव्रतांची काय कथा. एरवी ते अत्यंत सरळ गृहस्थ. सिग्नल पिवळा दिसला तरी गाडी थांबवणारे, बिनओळखीच्या ऑफिसात टोकन घेऊन निमूट बसणारे. पण आतल्या खुर्चीवर आपलं माणूस आहे असं कळलं, की सगळे नियम परक्यांसाठी केले आहेत असं त्यांनाही वाटायला लागायचं.

"कॉलेजात आईबाप जात नाहीत हो," पूर्णिमा म्हणाली. "केजीत आहे का ती? निदान तिला तरी विचारा."

"नुसता भेटून येतो. मार्कांचा विषयसुद्धा काढणार नाही."

"मग त्या नारळाच्या वड्या कुठे चालल्या? मंडळाच्या कार्यक्रमाला केल्यात मी त्या!"

तोवर देवव्रत डबा घेऊन लिफ्टपर्यंत पोचले होते.

मंगळवारी अर्धी रजा टाकून ते कॉलेजात गेले. मॅडमच्या खोलीबाहेर मुलांची रांग होती. देवव्रत कंपनीचा बिल्ला गळ्यात, वड्यांचा डबा मांडीवर आणि पाच मार्कांचा कागद हातात अशा थाटात त्या पोरापोरींच्या रांगेत बसले. शेजारच्या मुलीनं, अलीजा तिचं नाव, त्यांच्याकडे आणि कागदावरच्या लाल आकड्याकडे मोठ्या कणवेनं पाहिलं.

"अंकल, आपका भी मिडटर्म खराब गया?"

"मैं पेरेंट हूँ," देवव्रत ताठ होत म्हणाले.

"ओह," अलीजा म्हणाली, तिनं कागदावरचं गार्गीचं नाव वाचलं आणि लगबगीनं मोबाइलवर काहीतरी लिहू लागली.

नंबर लागल्यावर ते आत गेले. नूरैन मॅडम उठून उभ्या राहिल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, डोक्याला फिकट निळा स्कार्फ, चेहरा हसरा.

"या या, देवव्रतभाऊ. मजीदभाईंचा फोन येऊन गेला. बसा. दार मात्र उघडंच राहू दे, इथली पद्धत आहे तशी."

"राहू दे की! आपल्यात काय लपवायचंय?" म्हणत त्यांनी डबा पुढे सरकवला. "घरच्या आहेत. नारळाच्या वड्या."

मॅडमनी डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि झाकण घट्ट लावून डबा परत केला. "भाऊ, नारळाची वडी म्हणजे माझा जीव की प्राण. पण ग्रेड लागायच्या आधी विद्यार्थ्याच्या घरचं खाल्लं तर नोकरी जाईल माझी. डबा तेवढा खुर्चीखाली ठेवा. समोर नको."

देवव्रतांनी डबा खुर्चीखाली सारला. सुरुवात काही शुभ झाली नव्हती.

"ते गार्गीच्या मार्कांचं जरा..."

"त्यावर मी एक अक्षर बोलू शकत नाही. तिची लेखी परवानगी लागते."

"आईबापांनासुद्धा?"

"आईबापांसाठीच तर केलाय नियम."

आता शहाण्या माणसानं वड्या उचलून घर गाठलं असतं. पण देवव्रतांना पाच मार्क टोचत होते. "बरं, गार्गीला बाजूला ठेवा," ते म्हणाले. "आपण निव्वळ गणितावर बोलू. हे चौथं गणित घ्या. शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली, वरून पाणी पडतंय, पातळी किती वेगानं चढेल? अहो, टाक्यांमध्ये हयात गेली माझी! याला शून्य?"

आणि मॅडम हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पेन उचलून फळा गाठला. आकृती मात्र झकास काढली, खाली निमुळती, वर रुंद, पाण्याचे थेंबसुद्धा दाखवले. मग टाकीच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढलं, पडणाऱ्या पाण्याला त्यानं भागलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"खलास! वर दहा टक्के मार्जिन धरलं."

"मार्जिन कशाला?"

"इंडस्ट्रीत धरतात."

दारातून बारीक आवाज आला. रांगेतली सगळी मुलं आता दारात जमली होती आणि अलीजा सगळ्यांच्या पुढे होती. "अंकल, लेकिन रेडियस भी तो चेंज हो रहा है ना?"

"कुठे चेंज होतोय?" देवव्रत मराठीतच खेकसले आणि फळ्याकडे वळले. मग तिथंच थांबले. आकृतीतली टाकी खाली चिंचोळी होती. त्यांच्या आकडेमोडीतली टाकी मात्र वरपासून खालपर्यंत सारखी, रास लफानच्या टाक्यांसारखी, ठणठणीत सरळ. पाणी जसं चढेल तशी रुंदी वाढणार, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. दारात कुणी हसलं नाही, आणि ते हसले नाहीत याचीच देवव्रतांना जास्त लाज वाटली.

"कागदावरही अगदी हेच आहे, भाऊ," नूरैन मॅडम हळूच म्हणाल्या. "दहा टक्क्यांसकट."

चूक होती ते राहू दे, पण ती कोणाची होती हे देवव्रतांनी आत्ताच, पेन हातात घेऊन, साक्षीदारांसमोर सिद्ध करून दाखवलं होतं. फळ्याशेजारीच एक मोठी सूचना लावलेली होती. दुसऱ्याकडून काम करून घेतलेलं आढळल्यास विषयात थेट एफ, शिवाय चौकशी. बी ग्रेड राहिला बाजूला. पोरीचं इंजिनियरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं बुडवलं होतं, तेही अर्धी रजा टाकून.

"आमच्या घरात सगळेच मार्जिन धरतात," ते चाचरत म्हणाले. "वळणच आहे. पूर्णिमा तर कणकेतसुद्धा..."

देवव्रतांनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं दोन वाक्यांपलीकडे जात नाही.

"मॅडम, मी केलंय ते," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. "दर शुक्रवारी करतो. ती बरोबर लिहायची आणि मी खोडायचो. तिला एकदा धड विचारलंसुद्धा नाही. काय करायचं ते मला करा. माझ्या कंपनीला कळवा, मंडळात सांगा, पण तिला एफ देऊ नका. तिची काही चूक नाही हो. बाप शहाणा निघाला, एवढीच तिची चूक."

मुलांना मराठी कळत नव्हतं, पण रडवेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. अलीजानं पुढे येऊन टेबलावरचा टिश्यूचा खोका त्यांच्याकडे सरकवला आणि सगळ्यांना मागे लोटून नेलं.

"बसा, भाऊ," नूरैन मॅडम म्हणाल्या. "गार्गीच्या मार्कांवर मी बोलू शकत नाही. पण हे मार्क तुमचे आहेत. यांच्यावर बोलू शकते."

"माझे?"

"या वर्गाचा होमवर्क आम्ही कागदावर घेतच नाही. तो कॉम्प्युटरवर जातो. गार्गी स्वतःचा तिकडे देते, दर आठवड्याला. टर्म सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत ती असा पहिला कागद घेऊन आली. म्हणाली, मॅम, हा बाबांचा आहे, प्लीज तपासून द्या. लाल शाई दिसली नाही तर त्यांना कळेल आणि वाईट वाटेल."

देवव्रतांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आणि तुम्ही दर आठवड्याला तपासत बसलात?"

"मला कौतुक वाटलं हो. म्हटलं, या वयात शिकतोय माणूस."

"पाच कसले दिलेत मग?"

"आकृत्यांचे. आकृत्या छान असतात तुमच्या."

देवव्रत खाली बघत राहिले. तिथं वड्यांचा डबा होता, म्हणून त्यांनी खिडकीकडे नजर वळवली.

"आणि भाऊ, एक सांगते, रागावू नका," नूरैन मॅडम म्हणाल्या. "ओळख काढून मार्क वाढवून मागायला तुम्ही आज आलात. गार्गी त्याआधीच येऊन गेली, एकदा नाही, दोनदा. तुमचे मार्क वाढवून मागायला. म्हणाली, मॅम, मार्क बघितले की बाबांचा अख्खा शुक्रवार जातो, सात-आठ तरी द्या. तिलाही मी नाहीच म्हटलं."

बाहेर जिन्यापाशी गार्गी धापा टाकत उभी होती. अलीजाचा मेसेज मिळाल्याबरोबर ती दुसऱ्या इमारतीतून पळत आली होती. बापाचा चेहरा बघून तिला सगळं समजलं. दोघं पार्किंगपर्यंत चालत गेले. गाडी तापून भट्टी झाली होती. देवव्रतांनी एसी लावला.

"तुला किती आहेत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाइंटी-फोर."

त्यांना एकदम आनंद झाला, आणि त्या आनंदात आपला काडीचाही वाटा नाही हेही लगेच लक्षात आलं. "माझी लाज नाही वाटली तुला?"

"वाटली ना," गार्गी म्हणाली, चक्क मराठीत. "म्हणूनच कोणाला सांगितलं नाही."

देवव्रतांनी मान हलवली. गार्गीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"बाबा, गुरुवारपर्यंत कोर्स सोडता येतो," ती समजुतीनं म्हणाली. "मग एफ दिसत नाही. नुसता डब्ल्यू येतो, विथड्रॉन."

देवव्रतांनी टिश्यूनं नाक पुसलं. "सही कुठे करायची ते सांग," ते म्हणाले.