चार खाचांचा नट

जावईबापूंनी बुधवारी सकाळी बॉनेट उघडलं आणि दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं, की हा आठवडा काही धड जाणार नाही. घरातले सगळे म्हणजे एकटी बायको. पण चार माणसांना पुरेल एवढा सोशिकपणा तिच्याजवळ होता, आणि तो सगळाच्या सगळा कामी येणार होता.

गाडी सासरेबुवांची, पन्नास वर्षांपूर्वीची. तिच्यावर जावईबापूंचा जीव होता. मुलगी बघायला आले तेव्हा आधी दोनदा गाडीभोवती फिरले आणि मग घरात शिरले, असं बायको अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आता सासरेबुवांना ती चालवणं झेपेना. हे गृहस्थ उभा जन्म कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे वाटणीसुद्धा त्यांनी परीक्षा घेऊन करायची ठरवली. गाडी महिनाभर मुलाकडे दिली. मुलाने ती परत आणली तेव्हा पंख्याच्या बाजूने टकटक आवाज येत होता. मुलगा नापास झाला. मग जावयाची पाळी आली.

"जावईबापू, रविवारी पाच वाजता गाडी माझ्या दारात उभी करा," सासरेबुवा म्हणाले. "आवाज आला नाही तर तुमची. आला, तर सोमवारी गिऱ्हाईकाला देऊन टाकतो. आणि बाहेरच्या माणसाचा हात तिला लागता कामा नये."

जावईबापूंचा धंदा नळजोडणीचा. तीस वर्षं त्यांनी गावभरचे नळ उघडले आणि बंद केले होते, तेव्हा इंजिन म्हणजे काय, त्यातही पाणी फिरतंच की, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी कान लावला, मान हलवली आणि पंख्यामागचं बेअरिंग गेलंय असा निकाल देऊन टाकला. नवीन बेअरिंग आणलंसुद्धा. आता पंखा काढायचा आणि बेअरिंग बदलायचं, एवढंच काम उरलं.

पंखा धरून ठेवणारा नट मात्र गोल निघाला. त्याला पाना लावायला कोपरेच नव्हते, कडेला नुसत्या चार खाचा होत्या. त्याचं वेगळं हत्यार असतं. ते आणायला जावईबापू जुन्या बाजारात गेले. पहिल्या दुकानदाराने नट कसा आहे ते नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा म्हातारा होता. त्याने चहा पाजला आणि ती गाडी बनवणारी कंपनी कधीच बुडाली हे सांगून सांत्वन केलं.

"नाही मिळत तर नाही मिळत," घरी आल्यावर जावईबापू बायकोला म्हणाले. "हत्यार बनवणारा काय आभाळातून पडतो?"

पाइपांची घरात वाण नव्हती. नटाच्या मापाचा पाइप घेऊन त्यांनी त्याच्या तोंडाला कानशीने चार दात काढले. हे काम बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारची सकाळ चाललं, आणि त्या आवाजाने बायकोचे स्वतःचे दात आंबले. हत्यार नटावर अस्सं बसलं की जावईबापूंना भरून आलं. त्यांनी जोर लावला आणि चारही दात मुकाट्याने वाकले.

पाइप पाण्याचा होता, पातळ. जाड पाइप हवा होता. तसा जाड पाइप घरात एकच होता, आणि तो पलंगाचा पाय होता. जावईबापूंनी पलंगाखाली विटा लावल्या आणि बायकोला सांगितलं की फरक कळणारसुद्धा नाही. रात्री तिला तो कळला, कारण तीन पायांच्या मानाने विटा चार बोटं उंच होत्या.

शुक्रवारी नवे दात तयार झाले. ते कडक करायला हवेत असं कोपऱ्यावरच्या वेल्डरने सांगितलं. लाल होईस्तोवर तापवायचे आणि तेलात बुडवायचे. जावईबापूंनी स्वयंपाकाचं तेल घेतलं, डबाभर. घरात जो वास सुटला तो पडद्यांत जाऊन बसला. बायकोने खिडक्या उघडल्या, जेवण उकडून केलं आणि वर एक शब्द काढला नाही. एवढी शांतता बघून एरवी जावईबापू घाबरले असते, पण त्यांना सध्या नटापुढे काही दिसत नव्हतं.

आता हत्यार भक्कम झालं, तर नटाबरोबर पंख्याची पुलीच गरगर फिरायला लागली. ती धरायला पट्टा हवा होता. जावईबापूंनी कमरेचा पट्टा काढून पुलीला गुंडाळला आणि पँट सुतळीने बांधली. हत्याराची मूठ तोकडी पडते म्हणून तिच्यावर सहा फुटी पाइप चढवला. बायको उजेडाला बॅटरी धरून उभी होती. एकदा तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर जावईबापू म्हणाले, "तू फक्त बॅटरी हलवू नकोस." त्यांनी पाइपाला लोंबकळून झोका घेतला आणि नट हलला. चांगला अर्धा फेरा फिरला.

जावईबापूंना आकाश ठेंगणं झालं. तसेच काळे हात फोनला लावून त्यांनी सासरेबुवांना कळवलं, की काम फत्ते होत आलंय, रविवारी पाचला हजर. फोन ठेवून ते परत आले, पुन्हा लोंबकळले, आणि नट जो रुतला तो रुतलाच. शनिवारी दिवसभर त्यांनी त्याच्याशी झुंज दिली. दोन गिऱ्हाइकांचे नळ गळत होते, त्यांना ताप आल्याचं सांगितलं. शेवटी वेल्डरला बोलावून आणलं. बाहेरच्याचा हात गाडीला लागायचा नाही ही अट जावईबापूंना पाठ होती, म्हणून वेल्डरने हात लावला तो जावईबापूंच्या कमरेला. त्यांनी पाइप ओढला, वेल्डरने त्यांना ओढलं. नट तसूभर सरकला नाही. सुतळी मात्र तुटली, आणि दोघेही एकमेकांवर पडले.

"हा नट माणसाने बसवलेलाच नाही," वेल्डर उठता उठता म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी दुपारी जावईबापूंनी हार मानली. सगळं होतं तसं जोडलं, हात धुतले आणि पायरीवर बसून राहिले. गाडी जाणार, उद्या कोणी तिऱ्हाईत तिला घेऊन जाणार. मुलीच्या पाठवणीला रडले नव्हते तेवढे ते आज रडले असते, पण बायको साडी बदलून येऊन उभी राहिली. तिने चला म्हटलं. वाटेत त्यांनी गिअर बदलण्यापलीकडे काही केलं नाही. सासरेबुवांना काय काय सांगायचं याची मनातल्या मनात तालीम चालली होती. अर्ध्या वाटेत फाटक लागलं. गाडी उभी राहिली, इंजिन चालूच होतं, आणि जावईबापूंनी कानात बोट घालून गदगदा हलवलं.

"अगं, मला ऐकू येईनासं झालंय की काय?"

"आवाज येत नाहीये," बायको म्हणाली. "फाटक उघडलं, चला."

सासरेबुवा दारात वाट बघत होते, शेजारी मेव्हणा. इंजिन चालू ठेवायला सांगून म्हाताऱ्याने बॉनेटवर कान टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट उघडलं, पंखा धरून हलवून पाहिला आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. अठ्ठावीस वर्षांतली ही पहिलीच.

"बेअरिंग ठणठणीत होतं. नट सैल झाला होता, म्हणून वाजत होतं. काय आवळलाय हो! आणि याला उलटे आटे आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? भले भले डावीकडे फिरवून उघडायला बघतात, आणि आवळून बसतात."

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस आपण नेमकं काय करत होतो ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. हो म्हणावं की नाही, हे ठरेपर्यंत सासरेबुवा पुन्हा वाकले.

"पण या खाचेत छिन्नीचा घाव आहे. हा कोणाचा?"

मेव्हणा बुटांकडे बघत होता. "माझा," तो म्हणाला. "पंखा किंचित हलल्यासारखा वाटला. म्हटलं, खबरदारी म्हणून जरा आवळून ठेवावा."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच आवळतात ना, बाबा?"

सासरेबुवांनी सावकाश जावयाकडे मान वळवली. "आणि तुम्ही आवळत होता, का उघडत होता?"

थाप मारायची म्हटली असती तर हीच वेळ होती. पण पाठीवर पडलेल्या त्या थापेची ऊब अजून गेली नव्हती आणि जावईबापूंना खोटं बोलवेना. "उघडत होतो," ते म्हणाले. "प्राण कंठाशी येईस्तोवर उघडत होतो."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "लहानपणी बाबा हा नट काढायचे तेव्हा बॅटरी मीच धरायचे. त्याला उलटे आटे आहेत, हे मला तेव्हापासून पाठ आहे."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. मग म्हटलं, नट सैलच झालाय, आवळायलाच हवा. तुम्ही आवळत होताच. सांगितलं असतं तर तुम्ही तो उघडला असता. पलंगाचा पाय गेला तेव्हा मात्र गप्प राहणं जिवावर आलं होतं."

सासरेबुवांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून मुलीच्या हातावर ठेवली, आणि मला एक चक्कर मारून आण म्हणाले. ते पुढे तिच्या शेजारी बसले. जावई आणि मेव्हणा मागे बसले.

ऊन कडक होतं आणि मागच्या काचा बंद होत्या. दोन्ही दारांना काच खाली घ्यायचं गोल फिरणारं हँडल होतं. मेव्हण्याने आपल्या बाजूच्या हँडलकडे पाहिलं, मग भावोजींकडे पाहिलं. जावईबापूंनी कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अगं," ते पुढे वाकून म्हणाले, "जरा हे कुठल्या बाजूला फिरवायचं?"