बॅकहँड तिसऱ्या वर्षाला

रविवारच्या दुपारच्या चहापर्यंत विद्यापीठाच्या महिला टेनिस संघाचा इतिहास संपलेला असेल, असं त्र्यंबकरावांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं. संपलेला म्हणजे लिहून संपलेला. संघ तसा कधीचाच संपला होता.

त्र्यंबकराव तळेगावच्या एका कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि लोणावळ्याला तुंगार्लीत छोटा बंगला बांधून राहिले. क्रीडा विभागाच्या महोत्सवासाठी विद्यापीठाने हे पुस्तक त्यांच्या गळ्यात घातलं. एक तर ते इतिहासाचे. शिवाय त्यांची बायको, इंदिराबाई, त्या संघातली. घरच्या घरी काम होईल आणि मानधनाचा विषय निघणार नाही, असा विद्यापीठाचा हिशेब.

बाकीची प्रकरणं तयार होती. त्यांत बहुतेक ठिकाणी संघ पहिल्या फेरीत हरून परत येत होता, त्यामुळे लिहायला वेळ लागला नाही. उरलं होतं शेवटचं प्रकरण, म्हणजे संघाने जिंकलेली एकमेव फायनल. पण त्याच प्रकरणावर सगळं पुस्तक उभं होतं. पुस्तक कसलं, त्र्यंबकरावांचा संसारही त्यावरच उभा होता.

कारण ती फायनल त्यांनी स्वतः पाहिली होती. लोणावळ्यात, ऐन श्रावणात. कुणा शहाण्या माणसाने श्रावणात लोणावळ्याला टेनिस ठेवलं नसतं, पण समितीतल्या सगळ्यांनाच भुशी धरण बघायचं होतं. धुकं असं पडलं होतं की नेट कुठे आहे ते चेंडू अडकल्यावर कळत होतं. आणि त्या धुक्यातून एक पांढरी आकृती पुढे आली, डाव्या अंगाला झुकली आणि तिने असा काही बॅकहँड मारला की पलीकडून चेंडू परत आलाच नाही. सामना खलास. "कोण हो ही?" तरुण त्र्यंबकने शेजारच्याला विचारलं. शेजारच्यालाही काही दिसत नव्हतं. त्याने हातातल्या पत्रिकेवरचं पहिलं नाव वाचलं, "इंदिरा." महिन्याच्या आत त्र्यंबकच्या घरून इंदिरेच्या तळेगावच्या घरी स्थळ गेलं.

तो बॅकहँड त्यांनी पुढे मुलीच्या बारशात सांगितला, तिच्या लग्नात सांगितला, एकदा तर व्याह्यांच्या वर्षश्राद्धालाही सांगितला. पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यांनी सर्वांत आधी लिहून ठेवली होती : 'जिच्या एका बॅकहँडने माझा निकाल लावला, त्या सौ. इंदिरेस.' संध्याकाळी सगळं छापखान्यात जायचं होतं. फक्त त्या बॅकहँडला साक्षीदार हवे होते. "पुराव्याशिवाय मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही," असं त्र्यंबकराव नेहमी म्हणत. म्हणून त्यांनी संघातल्या दोघींना जेवायला बोलावलं.

आसावरी तळेगावहून आली. फायनलला दुहेरीत ती इंदिराबाईंची जोडीदार होती. अंबूबाई वडिवळ्याहून आली, खाचरातल्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. ती राखीव खेळाडू होती, म्हणजे टॉवेल धरून उभी राहायची.

जेवणं झाल्यावर त्र्यंबकरावांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो चिक्कीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कोर्टातल्या वकिलासारखे उभे राहिले.

"आता तो शेवटचा बॅकहँड. आसावरी, इंदिरेने तो कसा मारला, आठवेल तसं सांग."

"छान मारला," आसावरी म्हणाली. "म्हणजे दिसलं काही नाही. मी दुसऱ्या कोपऱ्यात होते. पण आवाज आला ना खणखणीत."

"मी कुठे मारला?" इंदिराबाई म्हणाल्या. "तूच मारलास की."

"मी? इंदू, आवाज तुझ्या बाजूने आला."

"माझ्या बाजूने काय आवाज येणार? मी चेंडू शोधत होते. आला कधी तेच कळलं नाही."

त्र्यंबकराव कौतुकाने हसले. एवढा विनय त्यांनी इतिहासात कुठे पाहिला नव्हता. इतिहासात सगळे लढाई आपणच जिंकली म्हणून भांडतात. "विनय पुरे," ते म्हणाले. "पुस्तकाला नाव लागतं. दोघींपैकी एकीने मारलाय हे तर नक्की."

"दाजी, पर ह्या दोघींला बॅकहँड येत कुटं व्हता?" चिक्कीचा तुकडा दाढेखाली धरून अंबूबाईने विचारलं.

"येत नव्हता म्हणजे?"

"अहो, खरंच की," आसावरी म्हणाली. "हौशीराम सर होते ना आमचे कोच. ते सगळं अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवायचे. पहिल्या वर्षी फोरहँड, दुसऱ्या वर्षी सर्व्हिस. बॅकहँड तिसऱ्या वर्षाला."

"मग तिसऱ्या वर्षी शिकलात की नाही?"

"तिसऱ्या वर्षापर्यंत कोण राहायचं भाऊजी? लग्नं व्हायची. आमच्या विद्यापीठात बॅकहँडपर्यंत पोचलेली मुलगी मी तरी पाहिली नाही."

"आणि चेंडू डावीकडे आला तर?"

"त्याला वळसा घालून त्याच्याही डावीकडं पळायचं," अंबूबाई म्हणाली. "न्हाई जमलं तर सोडून द्यायचा. सर म्हनायचे, पोरींनो, डावीकडला चेंडू पावन्याचा. त्याला हात लावू नका."

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. बॅकहँड झाला होता, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि या संघात कुणालाच बॅकहँड येत नव्हता. म्हणजे निष्कर्ष एकच. तो पलीकडच्या संघाने मारला होता आणि धुक्यात गुण चुकून इकडे मोजला गेला होता. पलीकडचा संघ विदर्भातला, अकोल्याचा. म्हणजे स्थळ अकोल्याला जायला हवं होतं, आणि ते गेलं तळेगावला.

"लावू का मंदाला फोन?" इंदिराबाईंनी विचारलं. मंदा म्हणजे विदर्भाच्या संघाची कॅप्टन. इंदिराबाईंचा आवाज अगदी सरळ होता, आणि त्र्यंबकरावांना आयुष्यात याच आवाजाची भीती वाटायची.

"कशाला उगाच त्यांना त्रास," ते म्हणाले.

"पुराव्याशिवाय तुमचा विश्वास बसत नाही ना?" म्हणून त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मंदा, इंदिरा बोलतेय. आपल्या फायनलला शेवटचा बॅकहँड तुमच्यापैकी कुणी मारला गं? आमच्या ह्यांना तिचं नाव हवंय."

त्र्यंबकराव छताकडे बघू लागले.

"आमच्यापैकी?" मंदाताई म्हणाल्या. "अगं, त्या बॅकहँडनंच तर आम्ही हरलो न बाई. तुमच्याच बाजूने आला तो. आम्ही दोघी बघतच राहिलो. आमचा बॅकहँड तर ऑप्शनलाच टाकला होता सरांनी. त्यांनी पंचांकडे तक्रारपण केली, की हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे म्हणून. पण पंच कुठे उभे आहेत तेच सापडत नव्हतं."

फोन बंद झाला. अकोल्याचा धोका टळला, पण डोक्यातला गुंता दुप्पट झाला. बॅकहँड होता, अगदी प्रतिस्पर्ध्याच्या साक्षीने होता. याच बाजूने आला होता. आणि या बाजूच्या दोघींनी तो मारला नव्हता. इतिहासाच्या पदवीला असा एकही प्रश्न आला नव्हता.

"त्यो नथूचा," अंबूबाई म्हणाली.

"कोण नथू?"

"कोर्टावरचा गडी. तिकोना पेठंचा. लाइनीवरचं पानी झाडत व्हता खराट्यानं. सामना परत सुरू झालेला त्याला दिसलाच न्हाई. त्यानं असा डावीकडनं खराटा वडला, आन् चेंडू आला त्याच्यावर. गेला फाटदिशी पल्याड."

मोबाइल सगळं रेकॉर्ड करत होता.

"नथू पांढऱ्या कपड्यात होता?" त्र्यंबकरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"व्हय. समितीनं समद्यांना पांढरं शिवलं व्हतं."

"पण त्या आकृतीच्या केसात रिबीन होती."

"टावेल व्हता. मुंडक्याला गुंडाळलेला."

"चालण्यात एक डौल होता, अंबूबाई."

"आसंल की. गुडगा धरलाता त्याचा."

आसावरीने तोंडाला पदर लावला. "म्हणजे आपला कप..."

"खराट्याचा," अंबूबाई म्हणाली. "नथूला वाटलं, सामना बिगडिवला म्हनून आता बोलनी बसत्याल. पळाला त्यो, खराटा तिथंच टाकून. दोन दिस कामावर आला न्हाई."

"आणि तू हे आजपर्यंत बोलली नाहीस?"

"मला कोनी इचारलं, दाजी? राखीवला कोन इचारतंय? आन् तुमी तर इचारायच्या आदीच लगीन करून मोकळं झालता."

मग त्या दोघी बराच वेळ हसल्या. आसावरीला ठसका लागला, अंबूबाईने तिच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि परत दोघी हसल्या. इंदिराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या चहा टाकायला आत गेल्या. त्र्यंबकरावांना चहाची चव लागली नाही.

मैत्रिणी गेल्यावर छापखान्यातून फोन आला. अर्पणपत्रिका तशीच ठेवायची ना, असं तो माणूस विचारत होता. "पाच मिनिटांत सांगतो," म्हणून त्र्यंबकराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"इंदिरा, तुला माहीत होतं? मी पाहिली ती तू नव्हतीस, हे?"

"पहिल्या दिवसापासून. बघायला आलात आणि पहिल्याच वाक्यात बॅकहँडचं बोललात. मला वाटलं, आसावरीलाच मागणी घालायला निघाला होतात आणि चुकून आमच्याकडे आलात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. आत जाऊन बाबांना सांगितलं, यांनी पाहिली ती मी नव्हेच. बाबा म्हणाले, गप्प बस आणि होकार दे. ज्याला धुक्यात एवढं स्पष्ट दिसतं, त्याला घरातलं काही दिसणार नाही. सुखात राहशील."

त्र्यंबकरावांना सासऱ्यांचा फार राग आला. पण राग आल्यावर बघायचं कुठे ते कळेना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. ओटा, खिडकी, खिडकीबाहेरचं धुकं. मग परत खिडकी.

"हे पडदे नवे घेतलेस का?"

"मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत," इंदिराबाई म्हणाल्या. "जा, त्या माणसाला सांगा, तशीच ठेव म्हणून."