मशीनमधली मोहफुलं

मोहफुलं मशीनमध्ये धुवायचं ठरवलं, तेव्हा दारूचा विचार माझ्या मनातही नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मी दारूबंदीवाली बाई आहे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये कुणी पिऊन आला, की जिन्यात वाट अडवून "हा कर" म्हणणारी, तोंडाचा वास घेणारी अंजनाबाई ती मीच.

स्वभाव माझा चौकस. चाळिशीत पोरांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, तेव्हापासून छापलेलं काही सोडत नाही. (औषधाच्या डब्यावरचं, तिकिटाच्या मागचं, सगळं.) माझ्या पोरानं, अश्विननं, कपडे धुवायची मशीन आणली, तेव्हा तिचं पुस्तक घरात मी एकटीनं वाचलं. आत काय टाकू नये त्याची यादी होती. नाणी, खिळे, पिना. मोहफुलं नव्हती.

त्याच आठवड्यात माझा भाऊ लहानू गावाकडून टोपलीभर मोह देऊन गेला. त्यात निम्मी रेती. भाजून तिळासोबत कुटला की लाडू फार छान होतात, पण आधी चार पाण्यांनी धुवावा लागतो, कंबर मोडेस्तोवर. मी तो उशीच्या अभ्र्यात भरला, गाठ मारली आणि मशीन पाच मिनिटांवर लावली. दोन मिनिटांनीच झाकण उघडून पाहिलं. (आत काय चालतं ते मला कधीचं बघायचं होतं.) गाठ सुटली होती आणि मोह पिवळ्या पाण्यात गरगर फिरत होता. हाती लागला तेवढा काढला. उरलेला खालच्या चकतीखाली गेला असणार. झाकण लावलं आणि गप्प बसले.

एप्रिलच्या आगीत मशीन दोन दिवस तशीच बंद राहिली. तिसऱ्या दिवशी सुनेनं, हर्षानं, आम्हा सगळ्यांचे जयंतीचे पांढरे कपडे तिच्यात धुतले.

"आई, कपड्याले कसला वास येऊन राह्यला?"

"नवी पावडर आहे."

"पावडर तर मीच आणली."

"मग तुले माहीत पाहिजे."

उन्हात वास गेला. घाम आला की तो परत येतो, हे पुस्तकात नव्हतं.

जयंतीला विहारात वंदनेनंतर दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष निवडायची होती, हात वर करून. उभ्या दोघी, मी आणि आशाबाई. बारा वर्षं लोकांची तोंडं हुंगली मी. ते पद मला हवंच होतं, खोटं काय सांगू?

पंचशील सुरू झालं. दारू न पिण्याच्या पाचव्या शीलापर्यंत आलो आणि भप्पकन वास आला. भट्टीचा. वंदना संपताच मी माईक धरला.

"जो पिऊन आला त्यानं उभं राहावं."

कुणी उठेना. मग मी स्वतः पुरुषांच्या रांगांत शिरले. पहिल्या रांगेत वास. दुसऱ्या रांगेत वास. शेवटच्या रांगेत आमच्या खालच्या मजल्यावरचा मुखरू बसला होता, जिन्यात कितीदा सापडलेलं माझं जुनं गिऱ्हाईक.

"मुखरू, हा कर."

"नाई घेतली, बाई. आठ दिस झाले."

"हा कर म्हणते ना."

त्यानं तोंड उघडलं. कांद्याचा वास आला. पण लोकांनी निकाल देऊन टाकला होता. "काढा त्याले बाहेर," कुणीतरी म्हणालं, आणि दोन जणांनी त्याचा दंड धरला. बायकांच्या बाजूला त्याच्या बायकोनं, बुधरीनं, पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात हर्षा माझ्या कानाशी आली.

"आई, तुमी जिथी जाऊन राह्यल्या, तिथीच वास जाऊन राह्यला."

मी पदर नाकाला लावला. (भट्ट्यांवर छापे घातले तेव्हाही इतका घमघमाट नव्हता.)

गप्प राहिले असते तर अध्यक्ष झाले असते. पण समोर बुधरी होती. मी परत माईकपाशी गेले.

"सोडा त्याले. वास माझा आहे."

मग अभ्रा, गाठ, चकती, पावडर, सगळं सांगितलं. लोक इतके हसले की अश्विन बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिला.

आशाबाईनं शांतपणे विचारलं, "मोह धुतला, का गाळला, बाई?"

मतदान झालं. आशाबाईसाठी हातच हात. माझ्यासाठी एकच, मुखरूचा, सरळ वर.

"मुखरूभाऊ, समिती बायाईची. माणसाईले मत नाई," आशाबाई म्हणाली.

"नसू द्या," तो म्हणाला. "हात तर आहे."

घरी येताना मी हर्षाला धरलं. "त्यानं केला. तू घरची असून काऊन नाई हात वर केला?"

"करणारच होती, आई. थोडा उचललाबी," ती म्हणाली. "पण हात उचलला का बाजूच्या दोघी नाक दाबून राह्यल्या होत्या."