दाब समाधानकारक आहे

"नळ मी आणतो," असं मी एका रविवारी सकाळी म्हणालो आणि माझ्या घरातून मी कायमचा उठलो. म्हणजे राहतो अजून तिथेच. पण ते नंतर येईल.

स्वयंपाकघरातला जुना नळ गळायला लागला होता. पितळेचा, जाडजूड, मोठ्या तोंडाचा. दिसायला ओबडधोबड, पण उघडला की बदाबदा पाणी द्यायचा. बायको म्हणाली होती, "असलाच दुसरा आणायचा. साधा. आपल्याकडे पाण्याला जोर नाही, मोठं तोंड आहे म्हणून निभावतं." त्यावर मी हसलो. (हे हसणं मला फार महागात पडलं.) कारण पाण्याच्या बाबतीत कोणी मला शिकवावं हे मला सहन होत नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे.

पाण्याशी तिथे माझा संबंध फक्त टेबलावरच्या ग्लासापुरता येतो, ही गोष्ट निराळी. मी तक्रार विभागात आहे. 'आमच्याकडे पाण्याचा दाब कमी आहे' अशी तक्रार आली की तिला उत्तर द्यायचं, हे माझं काम. उत्तर एकच आहे: 'आपल्या येथील पाण्याचा दाब समाधानकारक आहे. आपला नळ तपासून घ्यावा.' पूर्वी मी ते हाताने लिहायचो, मग टाइप करायला लागलो, आता त्याचा शिक्काच बनवून घेतलाय. एकोणीस वर्षं रोज एकच गोष्ट लिहिली की माणसाचा तिच्यावर विश्वास बसतो. माझा इतका बसला होता की या शहरात कुठेही दाब कमी असेल, हे मला पटतच नव्हतं.

आणि या वेळी नळ ही काही साधी गोष्ट नव्हती. रस्त्यापलीकडे कपडे शिवायचा एक कारखाना आहे. तिथल्या चाळीस माणसांच्या दुपारच्या जेवणाचं काम बायकोने मिळवलं होतं. बावीस वर्षं ती माझ्यासाठी रांधत आली, पण 'छान झालंय' असं तिला पहिल्यांदा म्हणाली ती त्या कारखान्यातली मुकादमीण, आणि तेसुद्धा नमुन्याचा एकच डबा खाऊन. पंधरा दिवसांनी काम सुरू व्हायचं होतं. चाळीस डबे भरायचे आणि चाळीस डबे घासायचे, म्हणजे नळ चालला पाहिजे. मला वाटलं, बायकोच्या धंद्याला आपला काही हातभार लागावा. तो असा लागला.

दुकानात भिंतभर नळ होते. माझ्या मनात भरला तो उंच, बाकदार मानेचा, एका दांडीवर उघडणारा. मानेतून फवारा ओढून बाहेर काढता यायचा. दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने विचारलं, "पाणी टाकीतून येतं का?"

"टाकीतून. गच्चीवर आहे. आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर."

"म्हणजे नळाच्या वर टाकी साधारण किती उंच?"

"अगदी डोक्यावर!" मी अभिमानाने म्हणालो. "पुरुषभरसुद्धा अंतर नाही."

दुकानदाराचा चेहरा पडला. माझा मात्र हिशेब सरळ होता. टाकी जवळ, म्हणजे पाण्याला चालावं कमी लागणार, म्हणजे ते न दमता ताजंतवानं नळात उतरणार. तळमजल्यावरच्या लोकांची मला कीवच यायची. बिचारे, सगळ्यात शेवटी पाणी.

"साहेब," तो म्हणाला, "या नळाला आत बारीक नळ्या आहेत, तोंडाला जाळी आहे. याला चांगला जोर लागतो. घरी एकदा बादली लावून बघा, भरायला किती वेळ लागतो ते. मग ठरवू. तोवर हा मोठ्या तोंडाचा—"

"मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे," मी म्हणालो.

तो गप्प झाला. जाणकारापुढे लोक गप्प होतात, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, गिऱ्हाईक स्वतःहून खड्ड्यात उतरत असेल तर दुकानदाराने तरी किती वेळ हात धरायचा?

प्लंबरने भिंतीतला जुना नळ काढला, तिथे बूच मारलं आणि वर फरशी बसवली, कारण नवा नळ ओट्यावर उभा राहणारा होता. तो म्हणाला, "जुन्याला नुसता वायसर टाकला तरी चालेल, फेकू नका."

"घेऊन जा तो," मी म्हणालो. "डोळ्यांसमोर नको."

तो नळ तळमजल्याच्या काकूंनी मागून घेतला. काकू एकट्या राहतात, घर मोठं आहे आणि बोलायला कोणी नसल्यामुळे इमारतीत कुठेही हातोडी वाजली की त्या हजर असतात. त्या दिवशीही होत्या. त्यांच्या, प्लंबरच्या आणि बायकोच्या साक्षीने मी दांडी वर केली.

नळाने आधी एक खोकला काढला. मग फुस्स केलं. मग त्या उंच, बाकदार मानेतून पाण्याचा एक धागा खाली आला. सुईत ओवता आला असता.

"हवा असेल आत," मी म्हणालो.

प्लंबर म्हणाला, "हवा नाही साहेब. दाब नाही."

"दाब समाधानकारक आहे," माझ्या तोंडून गेलं. सवयीने गेलं हो, पण गेलं.

 बायकोने नळाखाली बादली ठेवली आणि कांदा चिरायला घेतला. जुन्या नळाला एक कांदा चिरून होईपर्यंत बादली भरायची. हे माप तिने कधीच घेऊन ठेवलं होतं, मला कोणी बादली लावून बघायचं सुचवलं नव्हतं इतकंच. (सुचवलं होतं. दुकानदाराने.) पहिला कांदा झाला. दुसरा झाला. पाचव्या कांद्याला बादली अर्ध्यावर होती आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सगळंच कांद्याचं नव्हतं.

"चाळीस डबे आहेत," ती म्हणाली. "उद्या जाऊन साधा नळ आणा. एवढंच म्हणा की चुकलं, आणि साधा नळ आणा."

यावर शहाण्या माणसाने 'चुकलं' म्हटलं असतं. पण पाणीपुरवठ्याचा माणूस नळात फसला हे जगाला कळेल, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "नळात काही दोष नाही. दाब मी आणतो."

दाब आणायचा म्हणजे गच्चीवर पंप बसवायचा. तो बसवायला इमारतीच्या कमिटीची परवानगी लागते. आणि कमिटीचा नियम असा की पंप हवा असेल तर दाब कमी असल्याचा दाखला आणा. पाणीपुरवठा कार्यालयाचा. तक्रार विभागाचा. घर बायकोच्या नावावर असल्यामुळे अर्ज तिने करायचा.

मंगळवारी तो अर्ज माझ्या टेबलावर आला. बायकोचं अक्षर मी फार दिवसांनी पाहिलं. 'नळाला धार नाही. चाळीस लोकांचं जेवण माझ्यावर अवलंबून आहे. कृपया खरी पाहणी करून खरं उत्तर द्यावं.' 'खरं' या शब्दाखाली रेघ होती.

माझा हात शिक्क्याकडे गेला आणि थांबला. काय झालं मला माहीत नाही, पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी कोरा कागद घेतला आणि मसुदा लिहिला: 'दाब कमी आहे. टाकी नळाच्या वर जेमतेम पुरुषभर असल्याने तो पहिल्यापासूनच कमी आहे. अर्जदारांना हे ठाऊक होते. त्यांच्या पतींनी ऐकले नाही. चूक पतींची आहे.' लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरा चहा मागवला.

चहाच्या आधी साहेबांचं बोलावणं आलं.

"हे काय आहे?"

"वस्तुस्थिती, साहेब."

"आपल्या कार्यालयात?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, आज एका बाईंना दाब कमी आहे असं लिहून दिलंत, तर उद्या सगळं शहर जिन्यात उभं राहील. आणि हा 'चूक' शब्द! इतक्या वर्षांत कधी लिहिलात?"

"घरीसुद्धा कधी बोललो नाही, साहेब."

"मग तेच चालू ठेवा," साहेब म्हणाले आणि मसुद्यावर लाल पेनाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

इथे मी काहीतरी करायला हवं होतं. 'साहेब, ही माझी बायको आहे', निदान इतकं तरी म्हणायला हवं होतं. मी टेबलाशी परत आलो, शिक्क्याचं डबडं उघडलं आणि शिक्का मारला. नेहमीप्रमाणे सरळ आला. खाली सही केली. साहेबांचा दोष काढून मला झोप लागते, पण तो हात माझा होता.

पत्र शनिवारी पोस्टाने घरी आलं. (हातात देता आलं असतं. नियमात बसत नाही.) बायकोने ते ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. "'आपल्या येथील पाण्याचा दाब समाधानकारक आहे. आपला नळ तपासून घ्यावा.'" मग तिने नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खाली सही तुमची आहे."

"हो."

"मला दाखला नकोच होता हो. बावीस वर्षांत एकदा 'चुकलं' म्हणाला असतात तर तेवढ्यावर मी साधा नळ आणून गप्प बसले असते."

"मी म्हटलं होतं," मी घाईघाईने म्हणालो. "म्हणजे लिहिलं होतं. स्पष्ट शब्दांत."

"कुठे?"

"फायलीत."

"मग दाखवा की."

"रद्द मसुदा अर्जदाराला दाखवता येत नाही," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने कांद्यांची टोपली उचलली, मोठं पातेलं उचललं आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या खेपेला शेगडी नेली. तळमजल्यावर काकूंच्या भिंतीत आमचा जुना पितळी नळ बसला होता, आणि वरपासून खालपर्यंत चार मजल्यांचं पाणी त्याच्यामागे उभं होतं. तिथे बादली भरेपर्यंत अर्धा कांदासुद्धा चिरून होत नाही, असं काकूंनी मला स्वतः सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चाळीस डबे ठरल्या दिवशी वेळेवर गेले. आता साठ जातात. काकू आणि ती दोघी मिळून करतात आणि खालून हसण्याचा आवाज येतो. वर स्वयंपाकघरात मी आणि नळ. तो चकाकतो अजून. एक ग्लास भरेपर्यंत माणसाला आपल्या आयुष्याचा विचार करता येतो, हा त्याचा एक गुण कंपनीने खोक्यावर छापायला हवा होता. माझा डबाही आता खालून येतो. त्यावर नंबर आहे, एकसष्ट.

परवा भाजीत मीठ कमी होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली. दुसऱ्या दिवशी झाकणाला उत्तर चिकटवलेलं होतं, सुवाच्य अक्षरात: 'आपल्या डब्यातील मीठ समाधानकारक आहे. आपली जीभ तपासून घ्यावी.' खाली सही.

ऑफिसात सगळ्यांदेखत वाचलं ते. हसू आलं नाही. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, जिना चढण्याऐवजी तळमजल्यावर गेलो आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको पाठमोरी डबे घासत होती. मी एक खोकला काढला.  मग मी म्हणालो, चांगलं ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक माझी होती."

पितळी नळ पूर्ण सोडलेला होता. पाणी डब्यांवर असं धोधो आदळत होतं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय?" तिने मान न वळवता विचारलं. "मोठ्याने बोला, इथे पाण्याला जोर आहे!"

दुसऱ्यांदा तेच म्हणायला मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"काही नाही," मी ओरडलो. "मीठ समाधानकारक आहे म्हटलं!"

"मग रिकामा डबा तिथे ठेवा," ती म्हणाली. "शेवटी. साठांच्या मागे."