हनुवटी वर

मामा बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढत होता आणि आपल्या फोटोत कधी कुणाचे डोळे मिटलेले नसतात, याचा त्याला भारी तोरा होता. गेल्या वर्षी भाचीच्या शालेय कुस्तीने तो पार उतरवला. शाळेच्या हॉलमधले दिवे बरोबर डोक्यावर आणि कुस्तीत माना कायम खाली. सगळ्या फोटोंत दोन काळे गोळे आणि मध्ये पंचांची पाठ.

"यातली आपली कुठली?" ताईने विचारलं होतं.

"वरची," मामा म्हणाला. "बहुतेक."

यंदा ताईने आधीच दम भरला. "पोरीचं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. मला भिंतीवर लावायला जिंकतानाचा एक फोटो पाहिजे. तोंड दिसणारा!"

"फिल फ्लॅश मारतो की!"

"मला कळेल असं बोल."

"अगं, चेहऱ्यावरच्या सावलीत चिमूटभर उजेड भरायचा. झालं!"

पंचांनी हरकत घेतली नाही. मामाने फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधला, मॅटच्या कडेला ठाण मांडलं आणि उपांत्य फेरी सुरू झाली. एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. लग्नात लोकांचे डोळे लाल येऊ नयेत म्हणून त्याचा फ्लॅश आधी बारीक लुकलुकायचा आणि मग खरा उडायचा. ते बटण तसंच चालू होतं.

आता ही भाची मामाची सर्वांत जुनी गिऱ्हाईक. दात यायच्या आधीपासून प्रत्येक वाढदिवसाला तिला एकच शिकवण: लुकलुकलं की हनुवटी वर, छान हसायचं, अजिबात हलायचं नाही. कुस्तीचे सर गेली चार वर्षं बरोबर उलटं सांगत होते. पण मामाची शिकवण आधीची.

भाचीने सुरेख पट काढला. समोरची पाठीवर गेली, एक खांदा टेकला, दुसरा बोटभर वर. पंच आडवे होऊन वाकून बघायला लागले. ताई बाकावर उभी राहून ओरडली, "काढ रे, काढ!"

मामाने बटण दाबलं. लुकलुक.

भाचीने हनुवटी वर केली, गोड हसली आणि अजिबात हलली नाही.

फ्लॅश उडाला. तेवढ्या वेळात खालची मुलगी वळली, उसळली आणि भाचीच चितपट झाली. शिट्टी वाजली. सर डोक्याला हात लावून ओरडले, "हसतेस काय! हसतेस काय!"

मामाने कॅमेरा खाली घेतला. भाची उठली, तडक त्याच्याकडे आली आणि डोळे पुसत म्हणाली, "मामा, तू ना, घरी जा."

"चुकलो गं बाई."

"नाहीतर तो फ्लॅश बंद कर!"

तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती मामाने फ्लॅश काढून, खिशात घालून, वर खिशाचं बटण लावून बघितली. भाचीने दीड मिनिटात समोरचीला लोळवलं. हनुवटी शेवटपर्यंत छातीला. मामाने एकोणतीस फोटो काढले. पदक गळ्यात पडलं तेव्हा तो कॅमेरा विसरून नुसत्या टाळ्या वाजवत होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं.

घरी ताईने एकोणतीसच्या एकोणतीस फोटो बघितले. दोन काळे गोळे, मध्ये पंचांची पाठ. मग मागे जाता जाता ती एका फोटोवर थांबली. समोरची चारी मुंड्या चीत पडल्यासारखी, वर भाची, चेहरा लख्ख, हनुवटी वर, हसू काय, रुबाब काय!

"हा! हाच मोठा करून आण."

"ताई, अगं, पण ही ती हरलेली..."

"कोण म्हणेल?"

फोटो दिवाणखान्यात लागला आणि त्याच्याच कोपऱ्याला पदक टांगलं गेलं. आल्यागेल्याला ताई तो हौसेने दाखवते. जिंकताना इतकं शांत हसणारी मुलगी आजवर बघितली नाही, असं सगळे म्हणतात. मामाला त्या एका फोटोमुळे दोन शाळांतून बोलावणं आलं आहे.

तो कॅमेरा घेऊन निघाला की भाची दारात आडवी येते आणि आधी त्याचे खिसे तपासते.