गादीवाल्यांना खोली हवी

गादीवाल्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि डॉक्टरने पेशंटची जीभ बघावी तसं पलंगाकडे बघितलं. मग गादीच्या मधोमध मूठ दाबली, कान लावला आणि ताठ उभे राहिले.

"सरकी आहे आत. कापूस धड पिंजलेलाच नाही. चल."

"अहो, आत्ता तर आलो!" बायको म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"तीच रात्र महत्त्वाची आहे."

महत्त्वाची होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या सभागृहात त्यांच्या धाकटीला पदवी मिळायची होती. थोरल्याच्या पदवीदानाला गादीवाले आदल्या रात्रीच्या जागरणामुळे भर सभेत घोरले होते. साधंसुधं नव्हे, प्रमुख पाहुण्यांनी भाषण थांबवून जनरेटर बंद करायला सांगितला होता. म्हणून धाकटीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, उद्या घोरलात तर मी ओळख दाखवणार नाही." गादीवाल्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आज झोपायचं आणि अव्वल गादीवरच झोपायचं. जन्मभर गावाच्या पाठी सांभाळलेला माणूस, स्वतःच्या पाठीशी बेइमानी कशी करणार?

दुसरी जागा ग्रंथालयामागच्या गल्लीत होती. मालकीणबाई मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "आमच्याकडे परदेशचे प्राध्यापक उतरतात."

गादीवाले गादीवर एकदा बसून उठले. "ते रात्रभर वाचत असतील हो. या गादीवर दुसरं काही करणं शक्य नाही."

बाई दार उघडून उभ्या राहिल्या. जाणाऱ्याने वाद घालू नये असंच ते उघडणं होतं.

तिसऱ्या लॉजमध्ये मॅनेजर छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, शुद्ध नवा कापूस!" हे ऐकल्यावर गादीवाल्यांमधला कारागीर पेटून उठला. मॅनेजर नोंदवही आणायला खाली गेला तेवढ्यात त्यांनी खिशातलं पातं काढून शिवण उसवली. नेमकं बायकोला उकडत होतं. तिने खिडकी उघडली आणि पंखा लावला.

खाली अंगणात विद्यार्थी सूप पीत बसले होते. त्यांच्या डोक्यावर, वह्यांवर आणि सुपात जुना, काळपट कापूस सावकाश उतरू लागला.

मॅनेजर धापा टाकत वर आला. "हे काय केलंत?"

"पुरावा काढला," गादीवाले म्हणाले. "हा नवा कापूस? याने माझ्या आजोबांना पाहिलं असेल!"

रस्त्यावर येईपर्यंत बातमी त्यांच्या पुढे गेली होती. मॅनेजरने गावातल्या झाडून सगळ्या लॉजवाल्यांना फोन केले. ज्या दारात जावं तिथे आधी बॅगेकडे, मग गादीवाल्यांच्या बोटांकडे बघून उत्तर मिळे, "खोली शिल्लक नाही." एकाने तर बाहेरच्या पाटीवरचा 'खोल्या मिळतील' हा मजकूर त्यांच्यादेखत टॉवेलने झाकला.

गादीवाले हटले नाहीत, पण बायकोही कमी नव्हती. "खोली नाही म्हणतात ना? मग समोर संग्रहालय उघडं आहे."

"अगं, इथे झोपेची पंचाईत, आणि तू—"

"लेक इतकी वर्षं इथे राहिली, मी गाव बघायचं नाही? चला."

अशा रीतीने गादीवाल्यांनी बॅग खांद्यावर टाकून देवमाशाचा सांगाडा पाहिला. ("कणा बघ! हा कधी मऊ गादीवर झोपला नसणार.") घड्याळाच्या मनोऱ्याचा जिना चढले, वनस्पतींच्या बागेत कापसाच्या झाडापाशी जरा भावुक झाले आणि विद्यार्थ्यांच्या खानावळीत उभ्याउभ्या उकडलेले बटाटे खाल्ले. दोन ठिकाणांच्या मध्ये एखादं लॉज लागे, तिथे नकार मिळे, की बायको पुढचं ठिकाण काढी.

शेवटी धाकटीने कपाळाला हात लावून दोघांची सोय वसतिगृहाच्या टेबल टेनिसच्या खोलीत केली. फरशीवर एक सतरंजी.

"आणि गादी?" गादीवाल्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बाबा, गप्प झोपा."

संपलं सगळं, उद्या अब्रू जाणार, असं म्हणत ते आडवे झाले. डोळे उघडले तर खिडकीतून ऊन आलेलं. मान मोकळी, पाठ सरळ, अंग पिसासारखं हलकं! अशी झोप त्यांना उभ्या आयुष्यात लागली नव्हती.

"हे आपल्या गावात कुणाला सांगू नकोस," ते कुजबुजले. "दुकान बसेल."

बायको तारवटल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. "तुम्ही असे काही वाजत होतात, की शेजारच्या मुली दोनदा बघून गेल्या. माझा डोळा लागेल तर शपथ!"

सभागृहात गादीवाले सशासारखे कान टवकारून बसले. प्रत्येक भाषण ऐकलं, प्रत्येकासाठी टाळ्या वाजवल्या. धाकटीचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर चढली, हात पुढे केला, आणि त्याच शांततेत गादीवाल्यांच्या उजव्या हाताला जनरेटर सुरू झाला.

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. सगळ्या गादीवाल्यांकडेच. पर्स छातीशी धरून ताठ बसलेल्या त्या किरकोळ बाईचा संशय कुणाला येणार? मंचावरून धाकटीही बघत होती, तीसुद्धा थेट बाबांकडेच.

गादीवाल्यांनी बायकोकडे दाखवायला बोट उचललं. तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. बूट काढून ठेवलेले, पावलं टम्म सुजलेली, आणि चेहऱ्यावर सबंध गाव पाहून झाल्याचं समाधान.

त्यांनी बोट खाली घेतलं, हनुवटी छातीवर टेकवली, डोळे घट्ट मिटले. आणि कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून तिच्या घोरण्यात आपलंही घोरणं मिसळलं.